किल्लीचं घड्याळ, सेलचं घड्याळ

गेल्या वर्षापासून बाबांच्या अंगठ्यात जोर राहिला नाही. रोज सकाळी 'जनता'ला किल्ली देणं त्यांना जमेना. १९८६ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेलं हे एचएमटीचं घड्याळ. मी त्यांना कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू आणून दिलं आणि 'जनता' माझ्याकडे आलं. दोन्ही घड्याळं साध्या माणसाच्या खिशाला परवडणारी. पण 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ दोघांत वेगळा आहे.

एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स. या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला. 'जनता' हे त्यांचं किल्लीचं मॉडेल. किल्ली दिली की स्प्रिंग आवळते. ती सैल होताना एक छोटं चाक मागेपुढे झुलतं, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला ५. थंडी, धक्का, घड्याळ आडवं ठेवलं की उभं, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. बाबा रोज रेडिओच्या बातम्यांना काटे जुळवायचे.

कॅसिओत चाक नाही, क्वार्ट्‌झचा स्फटिक आहे. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा ओळखीचा वाटला ना? २ चा १५ वा घात! चिप तो १५ वेळा निम्मा करते, की बरोबर १ सेकंद उरतो. कोड लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हे फार आवडतं. सेकोने १९६९ मध्ये पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत होती साडेचार लाख येन. २० वर्षांनी, १९८९ मध्ये, एफ-९१डब्ल्यू आलं: वजन २१ ग्रॅम, महिन्याला फार तर ३० सेकंदांचा फरक आणि एका सेलवर सुमारे ७ वर्षं.

आपल्याकडे १९८४ मध्ये टायटन स्थापन झाली आणि तिने सुरुवातीपासून क्वार्ट्‌झवर भर दिला. क्वार्ट्‌झ एचएमटीनेही बनवलं होतं, पण तिचा जीव किल्लीच्या घड्याळांतच अडकला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

म्हणजे कॅसिओ जिंकलं? वेळ दाखवण्यात, हो. उगाच हळवं होण्यात अर्थ नाही. पण मध्ये 'जनता' बंद पडलं, तेव्हा मी ते घड्याळवाल्या काकांकडे नेलं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी ते उघडलं, साफ केलं, तेल दिलं. कॅसिओबद्दल विचारलं, तर म्हणाले, "सेल बदलून देईन. आतलं गेलं तर नवीनच घे, ताई."

कॅसिओ स्वस्त आहे, कारण ते बनवायला स्वस्त आहे. 'जनता' स्वस्त आहे, कारण ते टिकवायला स्वस्त आहे. मात्र टिकवणारा माणूस असेल तोवरच. काकांच्या दुकानात शिकायला कुणी नाही. सुटे भाग तेही जुन्या, बंद घड्याळांतून काढतात.

बाबांना कॅसिओचा अलार्म आवडलाय, गोळीची वेळ चुकत नाही. 'जनता'ला मी किल्ली देते, सकाळी, चहाच्या आधी. एखाद्या दिवशी विसरले, तर बाबा कॅसिओत बघून वेळ सांगतात आणि मी काटे जुळवते.