नर्सिंग होम म्हणजे नेमकं काय?

दिवाळीत आजोळी, चुडाव्याला गेलो होतो. (पूर्णा-नांदेड लाइनवरचं छोटं स्टेशन.) खुब्याचं हाड मोडल्यापासून आजी अंथरुणावरच आहे. ऑपरेशन झालं, घरी सोडलं, आणि तेव्हापासून कूस बदलणं, बेडपॅन, रात्रीची जागरणं... सगळं मामीकडे. निघताना मामी म्हणाली, "पुण्यात असं कायमचं ठेवून घेणारं नर्सिंग होम असतं का रे?" उत्तर माहीत नव्हतं. मग वीकेंडला कायदेच वाचत बसलो.

गंमत बघा. मुंबई राज्याने नर्सिंग होम नोंदणीचा कायदा केला 1949 मध्ये. (तेव्हा चुडावा हैदराबाद राज्यात होतं.) त्यातली व्याख्या इंग्लंडच्या 1927च्या कायद्याशी मिळतीजुळती. आजार, दुखापत किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून घेऊन शुश्रूषा करणारी जागा म्हणजे नर्सिंग होम. म्हणजे आजी कागदावर बसते! पण इंग्लंडमध्ये हा शब्द वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी रूढ झाला, आणि आपल्याकडे डॉक्टरांच्या छोट्या हॉस्पिटलांसाठी. बरं होऊन घरी जाणाऱ्यांसाठी.

मग उरले वृद्धाश्रम. महाराष्ट्राची मातोश्री वृद्धाश्रम योजना 1995ची. 2007च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद आहे, पण तिथे शब्द आहे 'करू शकेल'. आमच्या भाषेत ऑप्शनल पॅरामीटर! मुलांकडून निर्वाह खर्च मिळवता येतो, महिना 10,000 रुपयांपर्यंत. पण रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार? मी फोन केलेल्या दोन्ही वृद्धाश्रमांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी चालत्याफिरत्या आहेत ना?"

ही फट बुजवायचा प्रयत्न झाला होता. 2019च्या दुरुस्ती विधेयकात वृद्धांच्या केअर होम्सची आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी होती, किमान दर्जाही होता. पण विधेयक पास झालंच नाही. 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली, तेही संपलं.

आपण मात्र "आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे" म्हणून छाती फुगवतो. मंडळी, ही व्यवस्था म्हणजे बहुतेक घरांत एक बाई असते. चुडाव्यात तिचं वय अठ्ठावन्न आहे आणि तिची कंबर दुखते.

असो. मामीला फोन करून "नाही" सांगितलं. पुढच्या महिन्यात पंधरा दिवस चुडाव्याहूनच काम करणार आहे. कूस कशी बदलायची ते मामी शिकवेल, आणि मग माहेरी जाईल. चार वर्षांनी.