राउटरची दुरुस्ती, मांडणी आणि सीसीएनएची तयारी : मुदखेड परिसरातील तरुणांसाठी मार्गदर्शिका

महाडीबीटीच्या अर्जाची शेवटची तारीख, अभ्यासिकेत पंधरा-वीस मुलं-मुली बसलेली आणि नेट बंद. राउटर बंद करून चालू केला, तरी तेच. कंपनीचा माणूस उद्या येतो म्हणाला. हा अनुभव मुदखेड, भोकर, अर्धापूर किंवा उमरी तालुक्यातल्या कुठल्याही वाचकाला नवा नाही. शिष्यवृत्ती, परीक्षेचे अर्ज, निकाल, ऑनलाइन वर्ग हे सगळं त्या एका छोट्या डब्यावर अवलंबून आहे. तरीही वस्तीत तो डबा उघडून बघणारा, त्याचं पान समजणारा माणूस क्वचित सापडतो. हे ज्ञान अवघड नाही आणि त्याला पदवी लागत नाही. घरच्या राउटरपासून सुरुवात करून सीसीएनए या प्रमाणपत्रापर्यंत कसं जायचं, ते आम्ही इथे क्रमाने मांडत आहोत.

सीसीएनए म्हणजे काय

सिस्को ही राउटर आणि स्विच बनवणारी अमेरिकन कंपनी १९८४ मध्ये सुरू झाली. १९९८ पासून ती सीसीएनए ही परीक्षा घेते. सध्याच्या परीक्षेचा क्रमांक २००-३०१ असून वेळ १२० मिनिटे आहे. बारावी, आयटीआय किंवा पदवीची अट नाही. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, नंतर नूतनीकरण करावे लागते.

अभ्यासक्रमाचे सहा भाग आहेत : नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, स्विच व वायफाय २० टक्के, आयपी व राउटिंग २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के. म्हणजे पहिल्या तीन भागांवर हात बसला तर जवळजवळ दोन तृतीयांश परीक्षा आवाक्यात येते.

परीक्षा शुल्क ३०० डॉलर आहे. कर धरून ते पंचवीस हजार रुपयांच्या वर जातं. शेतमजुराच्या किंवा छोट्या नोकरदाराच्या घरात ही रक्कम लहान नाही. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे : आधी शिका, हात बसवा, मिळेल ते काम करा आणि तयारी पक्की झाल्यावरच फी भरा. खासगी क्लासला फी भरण्याआधी सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे मोफत अभ्यासक्रम आणि पॅकेट ट्रेसर हे मोफत सॉफ्टवेअर बघा. पॅकेट ट्रेसरमध्ये राउटर, स्विच आणि संगणक पडद्यावर जोडून सराव करता येतो. साध्या जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं.

आधी घरचा डबा ओळखा

फायबर कनेक्शनच्या एका डब्यात प्रत्यक्षात चार-पाच यंत्रं असतात. फायबरमधला प्रकाश विजेच्या संकेतात बदलणारा ओएनटी, वाट दाखवणारा राउटर, मागच्या पिवळ्या किंवा काळ्या पोर्टांचा स्विच, वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट आणि प्रत्येक मोबाईलला पत्ता वाटणारी डीएचसीपी सेवा. बिघाड यांपैकी नेमका कशात आहे हे ओळखलं की अर्धं काम झालं.

सर्वात आधी दिवे बघा. लॉस लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. तार तुटली, वाकली किंवा खांबावरचा जोड सुटला. अशा वेळी राउटरची सेटिंग बदलून काहीही होत नाही, तक्रारच नोंदवा. पॉन दिवा स्थिर हिरवा असेल तर तार ठीक आहे, पुढे शोधा. फायबरच्या टोकात डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

बिघाड शोधण्याचा क्रम

अनुभवी माणूस अंदाजाने सेटिंग बदलत नाही. तो खालून वर जातो : आधी वीज आणि तार, मग पत्ता, मग वाट, शेवटी नाव. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील पायऱ्या करा. कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

१. 'आयपीकॉन्फिग' द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल, वायफाय किंवा डीएचसीपी तपासा.

२. राउटरला 'पिंग' करा, बहुधा १९२.१६८.१.१. उत्तर नाही आलं तर अडचण तुमच्या आणि राउटरच्या मध्येच आहे.

३. ८.८.८.८ ला पिंग करा. राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे.

४. एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करा. आकडा उत्तर देतो आणि नाव देत नाही, तर दोष डीएनएसचा. राउटरमध्ये डीएनएस बदलून बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा. चार सेटिंग एकदम बदलल्या की नेट चालू झालं तरी कशाने झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच कष्ट.

अभ्यासिकेत नेहमी येणाऱ्या चार अडचणी

*पत्ते संपणे.* समजा, राउटर १९२.१६८.१.१०० ते १४९ असे पन्नासच पत्ते वाटतो आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास राखून ठेवतो. १४ एप्रिलला विहारात दोनशे मोबाईल जोडले गेले की पन्नास पत्ते तासाभरात संपतात. आलेले लोक निघून गेले तरी पत्ते अडकलेलेच. वायफाय दिसतं, पण नेट मिळत नाही. उपाय : पत्त्यांची संख्या वाढवा आणि लीजचा वेळ दोन तासांवर आणा.

*दुसरा राउटर लावणे.* वरच्या मजल्यावर रेंज नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणून जोडला जातो. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असला आणि दोन्ही पत्ते वाटू लागले की गोंधळ होतो. उपाय : दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि पहिल्याकडून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तोच निवडा.

*वायफाय अडखळणे.* २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. शेजारच्या घरांचं वायफाय ६ वर असेल तर तुम्ही १ किंवा ११ घ्या. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंती ओलांडताना तो लवकर कमजोर पडतो.

*काही संकेतस्थळं उघडतात, काही अर्धवट राहतात.* युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत एमटीयू १५०० ऐवजी १४९२ असावा लागतो. हा एक आकडा दुरुस्त केला की अर्धवट उघडणारी पानं पुष्कळदा पूर्ण उघडू लागतात.

सुरक्षा टाळू नका

राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवा, डब्ल्यूपीएस बंद करा, बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद ठेवा. विहारात सीसीटीव्ही असेल तर त्याचाही पासवर्ड बदला. मूळ पासवर्डचा कॅमेरा म्हणजे महिलांच्या बैठका आणि मुलींची अभ्यासिका अनोळखी माणसासमोर उघडी ठेवणं. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा. सर्वांना मुख्य पासवर्ड देऊ नका.

इथून परीक्षेकडे

वरच्या बहुतेक अडचणी सीसीएनएच्या अभ्यासक्रमात बसतात. सबनेटिंगचा सराव विहाराच्याच उदाहरणावर करा. १९२.१६८.१.० /२४ हे जाळं /२६ ने चार भागांत तोडा : ० ते ६३ कार्यालय, ६४ ते १२७ अभ्यासिका, १२८ ते १९१ कॅमेरे, १९२ ते २५५ पाहुणे. प्रत्येक भागात ६४ पत्ते, त्यातला पहिला जाळ्याचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून वापरायला ६२. रोज अशी दहा गणितं कागदावर सोडवा. महिनाभरात कॅल्क्युलेटरची गरज उरत नाही.

मग पॅकेट ट्रेसरमध्ये सिस्को राउटर घ्या. 'एनेबल', 'कॉन्फिगर टर्मिनल', मग इंटरफेस निवडून पत्ता द्या आणि 'नो शटडाउन' लिहा. सिस्को राउटरचे इंटरफेस मुळात बंद असतात, हे नवख्याला माहीत नसतं. त्यानंतर 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' ही कमांड पाठच करा. तिचं उत्तर असं वाचायचं :

- अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन : 'नो शटडाउन' दिलेलं नाही.
- डाउन, डाउन : केबल किंवा समोरचं यंत्र बंद.
- अप, डाउन : तार ठीक, पण दुसऱ्या थरात दोष.
- अप, अप : जोडणी ठीक, आता 'शो आयपी राउट' देऊन वाट तपासा.

शेवटी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' करायला विसरू नका. नाहीतर वीज गेली की सगळी मांडणी पुसली जाते, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल हे सांगायला नको.

मराठी माध्यमातल्या मुलांना परीक्षेचं इंग्रजी अडतं. उपाय म्हणजे प्रत्येक संज्ञा मराठीत स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा आणि समोरच्याला समजावून सांगा. संकल्पना पक्की झाली की इंग्रजी प्रश्न कळतो. बाजारात फुटलेल्या प्रश्नांचे संच विकले जातात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पकडलं गेल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि पाठांतरावर पास झालेला माणूस मुलाखतीत पहिल्याच बिघाडापाशी अडकतो.

काम कुठे आहे

मुदखेड हे रेल्वे जंक्शन आहे. रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार यंत्रणेत नेटवर्कचंच ज्ञान लागतं. रेलटेलचं फायबर जाळं रुळांच्या कडेने जातं आणि भारतनेटचं फायबर ग्रामपंचायतीकडे जातं. स्थानिक केबलवाले, बँकांच्या शाखा, शाळांच्या संगणक खोल्या, दवाखाने, सेवा केंद्रं या सगळ्यांना जाळं सांभाळणारा माणूस हवा असतो. ज्यांना पदवी शक्य नाही त्यांनी आयटीआयच्या संगणक व दूरसंचार शाखांची चौकशी करावी. अनुसूचित जातीतील उमेदवारांनी बार्टीच्या प्रशिक्षणांच्या जाहिराती नियमित बघाव्यात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींनाही केंद्राच्या सवलती लागू आहेत, म्हणून कागदपत्रं आधीच तयार ठेवा.

आमची विनंती एवढीच आहे. प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेने दोन मुलं आणि दोन मुली निवडाव्यात, त्यांच्याकडे राउटरची जबाबदारी आणि एक नोंदवही द्यावी. एखादा जुना बंद राउटर सरावासाठी ठेवावा. शिकलेल्याने दर रविवारी एक तास पुढच्याला शिकवावं. शेवटच्या तारखेला नेट बंद पडलं तर वस्तीतलीच एखादी मुलगी उठून दिवे बघेल, पिंग करेल आणि दहा मिनिटांत सांगेल की दोष कुठे आहे.

जय भीम!