सशर्त ग्रीन कार्डावरील अटी काढणे (अमेरिका)

अमेरिकेच्या नागरिकाशी किंवा तेथील कायम रहिवाशाशी झालेल्या विवाहाच्या आधारे कायम वास्तव्याचा हक्क मिळाला आणि त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसली, तर तो हक्क सशर्त असतो व त्याचे ग्रीन कार्ड दोनच वर्षांचे असते. मुदत संपण्याआधी ‘आय-७५१’ हा अर्ज करून आणि लग्न खरे असल्याचे दाखवून वास्तव्य पक्के करून घ्यावे लागते. यालाच अटी काढणे म्हणतात. अर्ज मंजूर झाला की दहा वर्षांचे कार्ड मिळते. दोन वर्षांचे कार्ड म्हणजे दुय्यम परवाना, असा अनेक कुटुंबांचा समज असतो. तो चुकीचा आहे. नोकरी, शिक्षण, प्रवास या सर्व बाबतींत सशर्त रहिवाशाला इतर ग्रीन कार्डधारकांइतकेच अधिकार असतात आणि नागरिकत्वासाठी लागणारा काळही या दोन वर्षांच्या सुरुवातीपासूनच मोजला जातो. मात्र मुदतीत अर्ज न केल्यास हा दर्जा आपोआप संपतो.

लग्नाला किती काळ झाला हे मोजण्याचा दिवस व्हिसा मिळण्याचा नसतो. परदेशातून येणाऱ्यासाठी तो अमेरिकेत प्रवेशाचा दिवस असतो, तर अमेरिकेतच दर्जा बदलून घेणाऱ्यासाठी अर्ज मंजुरीचा. त्यामुळे मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातून सशर्त व्हिसा मिळालेली व्यक्ती लग्नाला दोन वर्षे झाल्यानंतर विमानतळावर उतरली, तर तिला अट लागू होत नाही. ही बाब तिथल्या अधिकाऱ्याच्या लक्षात आणून द्यावी. लग्न ठरवून ‘के-१’ व्हिसावर आलेल्यांना आल्यापासून ९० दिवसांत विवाह करावा लागत असल्याने त्यांचे पहिले कार्ड जवळजवळ नेहमीच सशर्त असते. याउलट, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीच्या अर्जावर जोडीदार म्हणून मिळालेल्या ग्रीन कार्डाला ही अट नसते, मग लग्न कितीही नवे असो. पुण्या-मुंबईहून ‘एच-१बी’ या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या बहुसंख्य मराठी कुटुंबांचा मार्ग हा दुसरा असतो. पण मुलगा किंवा मुलगी तिकडे आधीच नागरिक अथवा कार्डधारक झालेली असते आणि लग्नापुरती भारतात येते, तेव्हा पहिला मार्ग लागू होतो. दोन्ही मार्गांनी गेलेली माणसे एकाच घरात असतात आणि एकमेकांना सल्ले देतात. घोटाळे बहुधा तिथेच होतात.

ही तरतूद १० नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या विवाह-फसवणूक दुरुस्ती कायद्याने आली. आदल्या वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे तेव्हाच्या स्थलांतर खात्याने विवाहावर आधारित अर्जांपैकी सुमारे ३० टक्के अर्ज बनावट असल्याचे सांगितले होते. कायदा मंजूर होण्यात या आकड्याचा मोठा वाटा होता. पुढे ज्या पाहणीतून तो आला तिची पद्धतच सदोष असल्याचे उघड झाले, आणि १९९० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील संघीय न्यायालयाने मनवानी खटल्यात त्याची दखल घेतली. आकडा गेला, कायदा राहिला. बनावट लग्ने होत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची शिक्षा त्याच कायद्याने ठेवली. पण संशयाचा भार मात्र प्रत्येक नव्या जोडप्यावर पडला, आणि मूळ रूपात त्या कायद्याने परदेशी जोडीदाराचे भवितव्य जवळजवळ संपूर्णपणे दुसऱ्या जोडीदाराच्या सहीवर सोपवले. पुढच्या दुरुस्त्यांचा सगळा इतिहास ही पकड सैल करण्याचा आहे.

नेहमीचा मार्ग संयुक्त अर्जाचा. पती-पत्नी दोघे सही करून सशर्त वास्तव्याला दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच्या ९० दिवसांत अर्ज पाठवतात. हा कालावधी कार्डावरच्या समाप्तीच्या तारखेवरून मोजायचा, लग्नाच्या वाढदिवसावरून नव्हे. त्याआधी पाठवलेला अर्ज परत येतो. उशीर झाल्यास सबळ कारण लेखी द्यावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकात शुल्क ७५० डॉलर आहे. आईबरोबर त्याच दिवशी किंवा त्यानंतर ९० दिवसांत सशर्त दर्जा मिळालेली मुले तिच्याच अर्जात घालता येतात, एरवी त्यांचा अर्ज वेगळा. निकालाला वेळ लागत असल्याने जानेवारी २०२३ पासून अर्जाची पोचपावती जुन्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवते. मुदत उलटलेले कार्ड आणि ही पोचपावती एकत्र दाखवून नोकरी चालू ठेवता येते आणि भारतात येऊन परत जाता येते.

अर्जाचा जीव पुराव्यांत असतो. दोघांच्या नावे घरभाड्याचा करार किंवा गृहकर्ज, संयुक्त बँक खात्याचे उतारे, एकत्र भरलेली आयकर विवरणपत्रे, विम्यात वारस म्हणून जोडीदाराचे नाव, मुलांचे जन्मदाखले, एकत्र प्रवासाची तिकिटे अशी कागदपत्रे जोडतात. शिवाय दोघांना ओळखणाऱ्या व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे देता येतात. मराठीतला कोणताही कागद इंग्रजी भाषांतर व भाषांतरकाराच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. लग्नाचा अल्बम आणि लग्नपत्रिका लोक हौसेने जोडतात, पण त्यांतून लग्न लागले एवढेच कळते. स्थलांतर खात्याला पाहायचा असतो त्यानंतरचा संसार. एकत्र कुटुंबातून गेलेल्या सुनेची अडचण इथे सुरू होते. घर सासऱ्यांच्या नावावर, गाडी नवऱ्याच्या, वीजबिल दिराच्या, बँकखाते लग्नाआधीचेच. ती घरात स्वयंपाकापासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळे पाहते, आणि कागदावर मात्र कुठेच नसते. यात कोणाचा दुष्ट हेतू असेलच असे नाही, आपल्याकडे घरे अशीच चालतात. म्हणूनच पहिल्या महिन्यापासून खाते, विमा, भाडेकरार यांवर दोघांची नावे लावून घेणे हे संसाराचेच काम समजावे. सासू-सासऱ्यांबरोबर राहणाऱ्यांनी त्यांच्याकडून ‘हे दोघे आमच्या घरी राहतात’ असे प्रतिज्ञापत्र घ्यावे.

खरे लग्न म्हणजे काय, हे न्यायालयांनी ठरवत आणले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांच्या पत्नींना दिलेल्या सवलतीचा फायदा घेण्यासाठी पॅरिसमध्ये लावलेल्या नाममात्र लग्नांबद्दल १९५३ च्या लटवाक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. ती जोडपी एकत्र राहण्याच्या हेतूने लग्नाला उभीच राहिली नव्हती. १९७५ च्या बार्क खटल्यात नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने त्याची दुसरी बाजू स्पष्ट केली: लग्न करताना एकत्र आयुष्य उभे करण्याचा हेतू होता का, हा खरा प्रश्न आहे; पुढे पटले नाही, वेगळे राहू लागले, एवढ्यावरून लग्न खोटे ठरत नाही. या संपूर्ण विषयात याहून महत्त्वाचे वाक्य नाही. परीक्षा लग्न टिकण्याची नसून ते प्रामाणिकपणे झाले होते का याची आहे. ठरवून केलेल्या विवाहांनाही हाच निकष लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील विंडसर निकालानंतर तो समलिंगी जोडप्यांनाही लागू झाला.

संयुक्त सही मिळत नसेल तर एकट्याने अर्ज करण्याची सवलत आहे. तिला ‘वेव्हर’ म्हणतात. १९८६ मध्ये ती फारच अरुंद होती: घटस्फोट परदेशी जोडीदारानेच, आणि तोही सबळ कारणाने, घेतलेला असावा लागे. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून सुटायचे तर देश सोडावा लागेल, या भीतीने बायका घरात अडकून पडल्या. १९९० च्या कायद्याने घटस्फोट कोणी घेतला हा प्रश्न काढून टाकला आणि मारहाण किंवा पराकोटीची क्रूरता हे स्वतंत्र कारण मान्य केले. १९९४ च्या महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने त्यासाठी कोणताही विश्वासार्ह पुरावा ग्राह्य धरण्याचे तत्त्व आणले. त्यामुळे पोलिसांत तक्रार नसली तरी डॉक्टरांची नोंद, समुपदेशकाचे पत्र, शेजाऱ्याचे किंवा मैत्रिणीचे प्रतिज्ञापत्र आणि स्वतःचा सविस्तर जबाब यांवरही अर्ज उभा राहतो. क्रूरतेत केवळ मारहाण येत नाही. कोंडून ठेवणे, पैसे हिरावणे, परत पाठवण्याची धमकी यांचाही विचार होतो. या कारणावर अर्ज करायला घटस्फोट झालेला असण्याची गरज नाही. अर्जाची माहिती खात्याने नवऱ्याला कळवायची नसते, तसे गोपनीयतेचे बंधन कायद्यातच आहे. छळ पुरुषाचा झाला असेल तर त्यालाही हीच तरतूद आहे.

बाकीची कारणे अशी: प्रामाणिकपणे केलेले लग्न घटस्फोटाने संपणे, किंवा देशाबाहेर काढल्यास पराकोटीचे हाल होणार असणे. जोडीदाराचा मृत्यू झाल्यासही एकट्याने अर्ज करता येतो. एकट्याच्या अर्जाला ९० दिवसांची अट नाही. दर्जा मिळाल्यानंतर तो केव्हाही करता येतो, मुदत उलटून गेल्यावरही, हकालपट्टीचा अंतिम आदेश होईपर्यंत. सर्वांत अवघड अवस्था वेगळे राहणाऱ्या पण घटस्फोट न झालेल्यांची. घटस्फोटाच्या कारणावर मंजुरी अंतिम निकालपत्राशिवाय मिळत नाही, म्हणून अशा वेळी कौटुंबिक कायद्याचा वकील आणि स्थलांतराचा वकील या दोघांशी एकाच वेळी बोलणे हिताचे. भारतात लग्न झालेल्यांनी आणखी एक गोष्ट जाणून असावी. अमेरिकी न्यायालयाचा घटस्फोट या अर्जाला पुरतो, पण भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी निकालानुसार, हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर आणि दुसऱ्या पक्षाच्या संमतीशिवाय मिळवलेला परदेशी घटस्फोट भारतात मान्य होत नाही. माणूस एका देशात सुटा आणि दुसऱ्यात विवाहित राहू शकतो.

कागदपत्रे समाधानकारक असल्यास मुलाखतीशिवाय मंजुरी मिळते. एरवी अधिक पुरावे मागतात किंवा बोलावतात. अर्ज फेटाळला तर दर्जा संपतो आणि प्रकरण स्थलांतर न्यायाधीशापुढे जाते. तिथे लढता येते: संयुक्त अर्ज फेटाळल्याचे प्रकरण असेल तर लग्न खोटे किंवा दिलेली माहिती असत्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. नकाराचे पत्र आले म्हणून घाबरून विमानात बसण्याची घाई करू नये.

कायम रहिवासी झाल्यापासून तीन वर्षे अमेरिकी नागरिक जोडीदाराबरोबर संसार केलेल्यांना नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, इतरांना पाच वर्षे थांबावे लागते. आय-७५१ प्रलंबित असला तरी नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो. मात्र आधीचा निकाल लागल्याशिवाय नागरिकत्व मिळत नाही.

छळाला तोंड देणाऱ्या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत १९८५ पासून ‘मानवी’ आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून ‘सखी’ या संस्था काम करतात. मुलीला तिकडे धाडणाऱ्या आईवडिलांनी दागिन्यांच्या यादीबरोबर हेही पाहावे: पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि खात्याकडून आलेले प्रत्येक पत्र तिच्या स्वतःच्या ताब्यात असावे, त्यांच्या प्रती माहेरी असाव्यात, कार्डावरची तारीख तिला पाठ असावी, आणि नवऱ्याने सही नाकारली तरी तिचा हक्क संपत नाही हे तिला निघण्यापूर्वी सांगितलेले असावे.