लेखक-प्रकाशकांची ग्रंथविक्री, मराठीतील
लेखक-प्रकाशकांची ग्रंथविक्री, मराठीतील : स्वतःच्या ग्रंथाचे मुद्रण, प्रकाशन आणि विक्री ही तिन्ही कामे स्वतःच्या जोखमीवर करणाऱ्या ग्रंथकारास लेखक-प्रकाशक म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथकारांपैकी पुष्कळसे या वर्गात मोडतात. स्वतंत्र प्रकाशनव्यवसाय तेव्हा नीटसा उभा राहिलेला नव्हता. छापखाना पैसे घेऊन छापून देई आणि छापलेल्या प्रतींचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न ग्रंथकाराचा असे.

या प्रश्नाची दोन उत्तरे प्रथमपासून उपलब्ध होती. एक म्हणजे आश्रय. संस्थानिकांची देणगी, शिक्षणखात्याने काही प्रती विकत घेणे किंवा दक्षिणा प्राइझ कमिटीचे पारितोषिक, अशी त्याची रूपे होती. आश्रयदात्याची आवडनिवड मात्र त्यात निर्णायक ठरे. जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८५५ मध्ये या कमिटीकडे पाठविलेले तृतीय रत्न हे नाटक तिने नाकारले आणि ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही.

दुसरे उत्तर वर्गणीदारांचे. इंग्लंडमध्ये ड्रायडनचे व्हर्जिलचे भाषांतर (१६९७) आणि पोपचे इलियड (१७१५–२०) ही वर्गणीदारांच्या बळावर निघालेली प्रसिद्ध उदाहरणे होत. महाराष्ट्रात ही पद्धत वृत्तपत्रांबरोबर रुळली. ग्रंथकार आपल्या नियोजित ग्रंथाची जाहिरात वृत्तपत्रात देई. आगाऊ किंमत भरणाऱ्यास ग्रंथ स्वस्त मिळे, मागाहून घेणाऱ्यास अधिक किंमत पडे आणि टपालहशील निराळे. पुरेशी नावे जमली, की छपाईस हात घातला जाई. ‘नाव घालणे’ आणि ‘पैसे पाठविणे’ या दोन क्रियांमध्ये जे अंतर पडे, त्याने अनेक ग्रंथकार व मासिककर्ते जेरीस आले. थकबाकीदार वर्गणीदारांना उद्देशून केलेल्या विनवण्या हे जुन्या नियतकालिकांतील जवळजवळ कायमचे सदर होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ही अडचण काही अंशी दूर केली ती टपालखात्याने. १८७७ मध्ये हिंदुस्थानात व्हॅल्यू पेएबल टपाल सुरू झाले. त्यामुळे पुस्तक हाती पडतानाच पोस्टमन किंमत वसूल करी आणि ती ग्रंथकारास पोचती होई. १८८० मध्ये टपालखात्यामार्फत मनीऑर्डरीचीही सोय झाली. पुण्यामुंबईबाहेरचा, वऱ्हाड-खानदेशातील एकटा-दुकटा वाचक ग्रंथकाराच्या आवाक्यात आला तो या दोन सोयींमुळे. मराठी ग्रंथप्रसाराच्या इतिहासात त्यांची व्हावी तशी दखल घेतली गेलेली नाही.

याच सुमारास विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–८२) यांनी निराळी वाट चोखाळली. स्वतंत्र पुस्तके काढण्याऐवजी त्यांनी आपले लेखन निबंधमाला (१८७४–८१) या मासिक पुस्तकाच्या रूपाने क्रमशः दिले आणि १८७५ मध्ये पुण्यात किताबखाना हे पुस्तकांचे दुकान काढले. पुढे आर्यभूषण छापखानाही उभा राहिला. लेखन, छपाई व दुकान यांचा असा मेळ मराठीत तोवर क्वचितच पडला होता.

प्रसाराची साधने ग्रंथकारापाशी असणे वा नसणे यामुळे काय घडते, हे १८८२ या एकाच वर्षी निघालेल्या दोन पुस्तकांवरून कळून येते. त्यांपैकी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे स्त्रीपुरुष तुलना हे पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीची जी निंदा चालली होती, तिला दिलेले हे तिखट उत्तर होते. लेखिकेपाशी ना स्वतःचे नियतकालिक होते, ना सभेचे व्यासपीठ. पुस्तकाची हेटाळणी झाली. फुले यांनी सत्सार (१८८५) मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. तथापि त्यांनी पुन्हा काही प्रसिद्ध केले नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत ते जवळजवळ विस्मृतीतच होते.

दुसरे पुस्तक पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे स्त्रीधर्मनीति. रमाबाई त्या वर्षी पुण्यास आल्या होत्या. त्यांची व्याख्याने चालू होती आणि आर्य महिला समाजाची स्थापनाही त्याच वर्षीची. पुस्तकाला वाचक लाभण्यापूर्वी लेखिकेला श्रोते लाभले होते. पुस्तकाच्या उत्पन्नाचा त्यांच्या १८८३ च्या इंग्लंडप्रवासास उपयोग झाला. हाच मार्ग त्यांनी अमेरिकेत अधिक विस्ताराने अवलंबिला. द हाय-कास्ट हिंदू वुमन हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ फिलाडेल्फिया येथे १८८७ मध्ये निघाला. तेथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. रमाबाई गावोगाव व्याख्याने देत हिंडत होत्या आणि स्त्रियांच्या मंडळांतून ग्रंथाचा प्रसार होत होता. त्याच्या हजारो प्रती खपल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे पतकरले. मार्च १८८९ मध्ये मुंबईत निघालेले शारदासदन हे या साऱ्या खटपटीचे फलित होय. ताराबाईंचे पुस्तक विचारांच्या धारेत या ग्रंथांहून उणे नाही, किंबहुना स्त्रीधर्मनीतीपेक्षा ते कितीतरी पुढचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ज्यांच्यासाठी लिहावयाचे ते निरक्षर असतील तर विक्रीची कोणतीच पद्धत उपयोगी पडत नाही. फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) हा ग्रंथ मुंबई, पुणे, जुन्नर, ओतूर, हडपसर इ. ठिकाणी जमावापुढे वाचून दाखविला. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. दीनबंधु पत्राने पहिली दोन प्रकरणे छापून पुढील भाग थांबविल्याने सबंध ग्रंथ फुल्यांच्या हयातीत छापून निघाला नाही. तो शेतकऱ्यांपर्यंत गेला तो हस्तलिखितावरून व लेखकाच्या मुखाने.

विसाव्या शतकातील सर्वांत धाडसी उदाहरण श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे. सरकारी मदतीवर विसंबून न राहता त्यांनी १९१६ मध्ये नागपूर येथे ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापन केली. भागविक्री व आगाऊ वर्गणीदार ही भांडवलाची दोन अंगे होती. कोशाचा एक शब्दही छापलेला नसताना त्याची किंमत मागावयाची होती आणि गिऱ्हाईक होते शाळामास्तर, वकील, कारकून. गावोगाव फिरणारे प्रतिनिधी नेमावे लागले. केतकरांनी स्वतःही व्याख्याने देत दौरे केले. पुढे कचेरी पुण्यास आली आणि स्वतःचा छापखाना घालण्यात आला. वर्गणीदारांच्या सहनशीलतेचीही यात कसोटी लागली असली पाहिजे. कारण पहिले पाच खंड हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या अशा विषयांवरील प्रस्तावनारूप होते आणि ‘अ’ पासून वर्णानुक्रमाने मिळणारी माहिती सहाव्या खंडात सुरू होई. विक्रेत्याच्या दृष्टीने ही योजना सोयीची म्हणता येणार नाही. केतकरांना विक्रेता म्हणून कितीही वणवण करावी लागली, तरी संपादक म्हणून त्यांनी तडजोड केली नाही. सुमारे बारा वर्षांच्या खटपटीतून २३ खंडांचा कोश पुरा झाला. माझे बारा वर्षांचे काम या पुस्तकात त्यांनी या उद्योगाचा वृत्तांत दिला आहे. घरच्या ओढगस्तीचे चित्र त्यांच्या पत्नी शीलवतीबाई यांच्या मीच हे सांगितले पाहिजे (१९६९) मध्ये आहे. शासनाच्या अर्थसाहाय्यावर निघणाऱ्या कोशांच्या संपादकांनी ही दोन्ही पुस्तके एकदा तरी वाचावीत.

मोठ्या नावाच्या ग्रंथकारालाही ही विवंचना चुकलेली नाही. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी १४ सप्टेंबर १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून द बुद्ध अँड हिज धम्म या ग्रंथाच्या सुमारे ५०० प्रती केंद्र शासनाने घ्याव्यात, असे सुचविले. छपाईचा खर्च सुमारे २०,००० रुपये होता व तो त्यांच्या ऐपतीबाहेरचा होता. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी राखलेली रक्कम संपल्याचे नेहरूंनी दुसऱ्याच दिवशी कळविले आणि पत्र राधाकृष्णन यांच्याकडे धाडले. समारंभप्रसंगी ग्रंथ विक्रीस ठेवता येईल, असेही सुचविले. ग्रंथ १९५७ मध्ये, आंबेडकरांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला.

१९७० नंतरच्या दशकात ग्रंथाली या वाचक चळवळीने सभासद-वाचकांच्या आधारावर नवे लेखक पुढे आणले. दया पवार यांचे बलुतं (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे उपरा (१९८०) ही पुस्तके तिने काढली. सभासद येथे लेखकाचे नसून संस्थेचे, एवढाच जुन्या वर्गणीदार पद्धतीहून मुख्य फरक. अलीकडे मागणीनुसार मुद्रणाच्या तंत्राने पंचवीस-पन्नास प्रतीही छापता येऊ लागल्या असून न खपलेल्या गठ्ठ्यांनी लेखकाची खोली भरण्याचा प्रकार कमी झाला आहे. विक्रेत्याचा वटाव व टपालखर्च मात्र लेखकाच्याच माथी राहतो.