बिदागीचे हसू

वाढदिवसाच्या घरी रंगीत टोपी घालून येणाऱ्या विदूषकाचे दुःख हा विषय इतका गुळगुळीत झाला आहे, की त्याकडे गंभीरपणे पाहणे अवघड जाते. वरून हसू आणि आतून आसू या सूत्रावर कितीतरी कविता आणि चित्रपट उभे राहिले. आम्हांला या सूत्राविषयी शंका आहे. ते सर्वस्वी खोटे आहे असे नव्हे. पण ते दुःखाला कलावंताच्या स्वभावाचा गुण ठरवते आणि त्यामागचा व्यवहार नजरेआड करते. हा व्यवहार पाहायचा तर एकोणिसाव्या शतकातील लंडनकडे, आणि विशेषतः चार्ल्स डिकन्सकडे, जावे लागते.

जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) हा इंग्रजी रंगभूमीवरील सर्वांत गाजलेला विदूषक. त्याच्याविषयीची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे: खिन्नतेने ग्रासलेला एक रोगी वैद्याकडे जातो, वैद्य त्याला ग्रिमाल्डीचा खेळ पाहायला सांगतो, आणि रोगी म्हणतो, तो ग्रिमाल्डी मीच. चरित्रातील तपशील मात्र वेगळे बोलतात. अगदी बालपणी रंगमंचावर आलेल्या या माणसाचे शरीर उड्या मारून आणि पडून-झडून पन्नाशीपूर्वीच निकामी झाले. १८२८ मध्ये निरोपाच्या प्रयोगात त्याला खुर्चीवर बसून काम करावे लागले. १८३२ मध्ये एकुलता एक मुलगाही गेला. आख्यायिकेत रोग मनाचा आहे. चरित्रात तो आधी सांध्यांचा आहे. त्याच्या आठवणींचे संपादन करून त्या १८३८ मध्ये वाचकांपुढे आणल्या, त्या तरुण डिकन्सनेच.

रस्त्यावरच्या कलावंतांची साक्ष हेन्री मेह्यूने नोंदवली. लंडनच्या श्रमिकांवरील त्याच्या ग्रंथाच्या १८६१ मधील तिसऱ्या खंडात एक विदूषक सांगतो, की रस्त्यात वेडेचाळे करताना त्याला घरातली रिकामी फडताळे आठवतात. ही खिन्नता स्वभावातून आलेली नाही, ती फडताळातून आली आहे. त्याच खंडातला ‘पंच’च्या बाहुल्या नाचवणारा खेळिया घरगुती निमंत्रणांविषयी बोलतो. अशा घरी वाडगा फिरवावा लागत नाही, बिदागी ठरलेली असते. पण काही कुटुंबांची अट असते, की खेळात भूत नको, शवपेटी नको आणि सैतानही नको. असे केल्याने सगळा खेळच नासतो, अशी त्याची तक्रार आहे. मुलांसमोर खेळ करणाऱ्याची खरी अडचण इथे उघड होते. त्याचा प्रेक्षक एक असतो आणि दाता दुसरा. हसायचे मुलांनी, पण काय पाहून हसायचे ते ठरवायचे पैसे देणाऱ्याने.

आता डिसेंबर १८४३ मधील एक संध्याकाळ पाहू. नट मॅक्रेडी अमेरिकेच्या दौऱ्यावर होता आणि लंडनमध्ये त्याच्या मुलीचा वाढदिवस साजरा होत होता. तिथे जादूगार झाला होता स्वतः डिकन्स, आणि मदतनीस होता त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर. कच्चे पीठ आणि अंडी कुणा गृहस्थाच्या टोपीत टाकून त्यातून वाफाळते पुडिंग काढले गेले, हातरुमालांच्या मिठाया झाल्या. जेन कार्लाइलने या समारंभाचे रसभरित वर्णन पत्रात केले आहे. पुस्तकांचा धंदा बसला तरी या हातचलाखीवर डिकन्सचे उत्तम चालेल, असेही ती गंमतीने लिहिते. ही गंमत आम्हांला बोचते, कारण हातचलाखीवर पोट भरणाऱ्यांचे ‘उत्तम’ किती चालत होते हे मेह्यूच्या पानांवर नोंदलेले आहे. खेळ तोच, मुलेही तशीच. फरक इतकाच, की डिकन्स पाहुणा म्हणून आला होता आणि बिदागी न घेता परतणार होता.

डिकन्सला ही दुसरी बाजू ठाऊक नव्हती असे मात्र नाही. ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ (१८४०–४१) मध्ये स्मशानात बसून बाहुल्या दुरुस्त करणारे कॉडलिन आणि शॉर्ट भेटतात. पडद्याआड बाहुल्या नाचवणारा शॉर्ट आनंदी आहे. बाहेर उभा राहून पैसे गोळा करणारा कॉडलिन माणसांना विटलेला आहे. प्रेक्षकांचे चेहरे जो पाहतो, त्याचाच माणसांवरचा विश्वास उडतो. पुढे ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) मध्ये सर्कशीतला ज्यूप येतो. अंग आखडले, उड्या चुकू लागल्या, लोक हुर्यो उडवू लागले. त्या हुर्योपेक्षाही, ती आपल्या मुलीला कळली आहे हे त्याला असह्य होते आणि तो तिला सोडून निघून जातो. जगाच्या मुलांना हसवणारा बाप स्वतःच्या मुलीसमोर उभा राहू शकत नाही, यात आसू-हसूचे सूत्र नाही. वय झालेल्या शरीराचा आणि गेलेल्या रोजगाराचा हिशेब आहे.

आपल्याकडे हा हिशेब कायद्यानेच मांडून ठेवला. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाणे, नाचणे वा खेळ करून पैसे मागणे हे भीक मागण्याच्या व्याख्येत बसवले. पुढे हा कायदा दिल्लीलाही लागू झाला; तिथे त्यातल्या प्रमुख तरतुदी उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केल्या. डोंबारी, बहुरूपी, गारुडी यांची कला या व्याख्येने रस्त्यावर भीक ठरली. तीच कला सोसायटीच्या सभागृहात केकशेजारी झाली की करमणूक ठरते. मधला उंबरठा ओलांडायची परवानगी यजमानाच्या हाती असते.

म्हणून विदूषकाच्या अश्रूंवर लिहिताना आपण थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते. त्याच्या मनात काय चालले आहे हे विचारण्याआधी, त्याला कोणत्या दाराने आत घेतले आणि बिदागी कोणी ठरवली, हे विचारले पाहिजे.