हृदयाचे औषध आणि श्वासाची वाट

धावताना आपले हृदय धडधडते आणि श्वासही जलद होतो. दोन्ही गोष्टी एकदमच घडतात; मग हृदयाचे ठोके मंदावणारे औषध घेतले तर श्वासही मंदावेल का? या प्रश्नाचे उत्तर बीटारोधक औषधांच्या इतिहासात सापडते.

अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ साली असे मांडले की, ॲड्रेनॅलीनसारखी द्रव्ये पेशींवरील दोन प्रकारच्या ग्राहींमार्फत काम करतात. कुलपात किल्ली बसावी तसे द्रव्य ग्राहीत बसते. या ग्राहींना त्यांनी अल्फा व बीटा अशी नावे दिली. बीटा ग्राही उद्दीपित झाले की हृदयाचे ठोके वाढतात आणि श्वासनलिका सैल होऊन रुंदावतात.

ब्रिटनमधील जेम्स ब्लॅक यांनी या कल्पनेचा उपयोग केला. हृद्‌शूलाच्या रुग्णात हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो. पुरवठा वाढवण्याऐवजी हृदयाची गरजच कमी केली तर? त्यासाठी बीटा ग्राही अडवणारे प्रोप्रानोलॉल त्यांच्या गटाने १९६४ साली पुढे आणले. १९८८ च्या नोबेल पारितोषिकात ब्लॅक यांचा वाटा होता.

पण १९६४ सालीच या औषधाने दमेकऱ्यांचा श्वास कोंडतो, अशी नोंद 'लॅन्सेट'मध्ये आली. निरोगी माणसाला मात्र विशेष काही जाणवत नाही. असे का?

श्वासाचा मूळ ताल मेंदूतील लंबमज्जेत ठरतो. रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की ती श्वास जलद व खोल करते. ही यंत्रणा मुख्यतः बीटा ग्राहींवर अवलंबून नाही. त्यामुळे विश्रांतीत निरोगी माणसाचे श्वसन जवळजवळ पूर्वीसारखेच राहते. जोराच्या व्यायामात तो लवकर थकतो, कारण हृदयाचे ठोके पुरेसे वाढत नाहीत. दमेकऱ्याच्या श्वासनलिका मात्र चटकन आकसणाऱ्या असतात. ॲड्रेनॅलीनचा आधार काढून घेतला की आकुंचन घडवणाऱ्या चेतांचे पारडे जड होते. म्हणजे बिघाड श्वासाच्या तालात नसून त्याच्या वाटेत असतो.

१९६७ साली बीटा ग्राहींचेही दोन गट आहेत, असे दाखवण्यात आले: हृदयात मुख्यतः बीटा-१, तर श्वासनलिकांत बीटा-२. यातून दोन वाटा निघाल्या. बीटा-१ वर अधिक परिणाम करणारी ॲटेनोलॉलसारखी औषधे आली. उलट बीटा-२ ला चेतवणारे साल्ब्युटॅमॉल १९६९ पासून दमेकऱ्यांच्या फवाऱ्यात आले. अर्थात ही निवड पक्की नसते. मात्रा वाढली की बीटा-१ चे औषध बीटा-२ लाही अडवते.

तोंडी परीक्षेपूर्वी किंवा रंगमंचावर जाण्यापूर्वी हाताचा कंप थांबावा म्हणून काही जण प्रोप्रानोलॉल घेतात. 'मला काही झाले नाही' म्हणून ती गोळी मित्राला देणे धोक्याचे आहे, हे आपण विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. त्या मित्राला दमा असेल, तर तीच गोळी त्याच्या श्वासाची वाट अडवू शकते.