आईची चिठ्ठी

मागच्या मे महिन्यात मी आणि माझी सहा वर्षांची लेक, असे दोघंच भावाकडे कॅनडाला गेलो होतो. तिघांची तिकिटं काढायची असं ठरलं होतं, पण बायकोच्या प्रोजेक्टचं रिलीज नेमकं त्याच आठवड्यात येऊन आदळलं. (माझं आलं असतं तर ट्रिप रद्द झाली असती, हे तिने तीन वेळा ऐकवलं. असो.)

भावाने फोनवर बजावलं होतं, "वहिनीकडून चिठ्ठी लिहून आण." म्हटलं, कसली चिठ्ठी? तर मुलीला परदेशी न्यायला तिच्या आईची हरकत नाही, अशी. नोटरी केलेली. मला जरा रागच आला. माझ्याच मुलीला भावाकडे न्यायला मला परवानगी लागणार? पण केली. कोर्टाबाहेरच्या नोटरीसमोर बायकोने सही केली, त्यांनी वर न बघता तीन शिक्के मारले, झालं.

पलीकडे उतरल्यावर काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारला. हिची आई कुठाय? मी चिठ्ठी पुढे केली. त्याने ती वाचली, बाजूला ठेवली, आणि खाली वाकून थेट लेकीलाच विचारलं, तुझी आई कुठे आहे? ती शांतपणे म्हणाली, "ऑफिसमध्ये. तिचं रिलीज आहे." तो हसला आणि आम्हाला सोडलं. म्हणजे ज्या कागदासाठी अर्धा दिवस घालवला तो बाजूला, आणि काम झालं पोरीच्या उत्तराने.

परत आल्यावर हे डोक्यातून जाईना. हा प्रश्न विचारायला सुरुवात कधी झाली? नेमक्या कुठल्या बापाला डोळ्यांसमोर ठेवून तो विचारतात? दोन-तीन विकांत यावर वाचत बसलो, आणि फिरून फिरून एकाच माणसापाशी येऊन थांबलो. तो माणूस टायटॅनिकवर होता.

मिशेल नाव्रातील. मूळचा आजच्या स्लोव्हाकियातला, तेव्हाच्या हंगेरीतला. फ्रान्समध्ये नीस शहरात शिंपीकाम करायचा. १९०७ मध्ये लंडनला मार्सेल नावाच्या इटालियन मुलीशी लग्न केलं. दोन मुलगे झाले: १९०८ मध्ये मिशेल आणि १९१० मध्ये एदमों. १९१२ च्या सुरुवातीला नवराबायको वेगळे झाले होते. मुलं आईच्या बाजूला होती, पण ईस्टरच्या सुट्टीत वडिलांकडे आली. त्या वर्षी ईस्टर होता ७ एप्रिलला. सुट्टी संपल्यावर मार्सेल मुलांना घ्यायला गेली तेव्हा बाप आणि मुलं, कोणीच जागेवर नव्हतं.

तो मुलांना घेऊन आधी लंडनला गेला. तिथून साउदॅम्प्टन, आणि १० एप्रिलला टायटॅनिकच्या सेकंड क्लासमध्ये. तिकिटं होती 'हॉफमन' नावाने, हे एका ओळखीच्याचं आडनाव. मुलांची हाक मारायची नावं होती लोलो आणि मोमों, तीच पुढे केली. बोटीवर कोणी विचारलं तर सांगायचा, बायको वारली. पोरांना नजरेआड होऊ देत नसे. एकदाच म्हणे पत्ते खेळायला गेला, तेव्हा फ्रेंच बोलणाऱ्या एका स्विस मुलीने तेवढा वेळ पोरांकडे पाहिलं.

लोकांना किती प्रेमळ बाप दिसला असेल! आणि तो तसा होताच, ही यातली गोची आहे.

१४ एप्रिलच्या रात्री बोट हिमनगावर आदळली. नाव्रातीलने झोपलेल्या मुलांना उठवून, गरम कपडे चढवून डेकवर आणलं. तेव्हा अगदी शेवटच्या होड्यांपैकी एक, घडीची 'डी' नंबरची होडी भरत होती, आणि खलाशांनी तिच्याभोवती हातात हात गुंफून कडं केलं होतं. फक्त बायका आणि मुलं. त्याने दोन्ही पोरांना त्या कड्यापलीकडे दिलं आणि स्वतः मागे राहिला. मोठ्याला चार वर्षंही पूर्ण नव्हती, धाकटा दोन वर्षांचा. मोठ्या मिशेलने म्हातारपणी सांगितलेली आठवण अशी की, वडिलांनी शेवटचा निरोप आईसाठी दिला होता. तिच्यावर माझं प्रेम होतं, ती आपल्यामागून येईल अशी मला आशा होती, असं काहीसं. इतक्या लहान वयातली आठवण कितपत खरी धरायची, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी धरतो.

न्यूयॉर्कला पोचल्यावर बचावलेल्यांत ही दोनच मुलं अशी निघाली की त्यांना न्यायला कोणी मोठं माणूस नव्हतं. इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. यादीत नाव हॉफमन, आणि त्या नावाने शोधणारं जगात कोणी नाही. बोटीवरच्या मार्गारेट हेज नावाच्या प्रवासिनीला फ्रेंच येत होतं, ती त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. (ही बाई बोटीतून आपल्या पॉमेरेनियन कुत्र्याला कुशीत घेऊन वाचली होती. इतिहासात असे तपशील कोण जपून ठेवतं कोण जाणे, पण ठेवतं ते बरंय.) 'टायटॅनिकची अनाथ मुलं' म्हणून पेपरांनी फोटो छापले. तो फोटो नीसपर्यंत पोचला. मार्सेलने पोरं ओळखली. कंपनीने तिचा प्रवास केला आणि १६ मे रोजी ती न्यूयॉर्कला मुलांना भेटली. साधारण सव्वा महिना ती बाई कशी जगली असेल, याचा विचार मी दोनदा सुरू करून दोनदा थांबवला.

आता यातला इंजिनियरी प्रश्न: या माणसाला कोणी, कुठे अडवू शकलं असतं? उत्तर आहे, कुठेच नाही. पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्टशिवाय फिरता यायचं. तिकिटावर जे नाव सांगाल ते तुमचं नाव. आपल्याकडची पंडिता रमाबाईच बघा ना. नवरा १८८२ मध्ये गेला आणि १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला कडेवर घेऊन बाई इंग्लंडला निघाल्या. मूल तुमचंच कशावरून, असा कागद कोणी मागितला नाही. लोकांनी जाब विचारला तो समुद्र ओलांडल्याचा आणि नंतर धर्म बदलल्याचा. मुलाला न्यायचा हक्क कोणाचा, हा सरकारी प्रश्न व्हायचा होता.

युद्धाने पासपोर्ट आणले आणि ते गेलेच नाहीत. १९२० मध्ये लीग ऑफ नेशन्सच्या पॅरिस परिषदेत ३२ पानी पुस्तिकेचा नमुना ठरला. त्यात गंमत अशी की कुटुंबाला मिळून एक पासपोर्ट चालायचा: नवऱ्याचं नाव, शेजारी बायको, खाली मुलं. ब्रिटनमध्ये अशा जोड-पासपोर्टवर नवरा एकटा फिरू शकायचा, बायको मात्र त्यावर एकटी नाही. मूल हे आईबापाच्या पुस्तिकेतली एक ओळ होतं. आपल्याकडेही जुन्या पासपोर्टांत मुलांची नावं अशीच चढवलेली सापडतील. मुलाला स्वतंत्र पासपोर्ट हवा, हा नियम जगभर रुजला तो अगदी अलीकडच्या काही दशकांत.

नाव्रातीलसारख्यांवर खरा इलाज निघायला १९८० उजाडलं. त्या वर्षी ऑक्टोबरात हेगला करार झाला. सोप्या भाषेत असं: सोळा वर्षांखालचं मूल एका पालकाने दुसऱ्याला डावलून परदेशी नेलं, तर त्या देशाने ते मूल आधी त्याच्या नेहमीच्या देशात परत पाठवायचं, ताब्याचा वाद तिथल्या कोर्टाने बघायचा. आज शंभराहून जास्त देश त्यात आहेत. माझ्या बायकोची चिठ्ठी ही या विचाराचीच नात म्हणायची. काही देशांनी तर अतिच केलं. दक्षिण आफ्रिकेने २०१५ मध्ये मुलांसोबत येणाऱ्या प्रत्येकाला जन्मदाखला आणि दुसऱ्या पालकाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. पर्यटनवाले ओरडले, आणि काही वर्षांत नियम सैल करावा लागला.

करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नाव्रातील होता. म्हणजे ताबा नसलेला, चिडलेला, पोरांना घेऊन पळणारा बाप. पण प्रत्यक्षात केसेस मोजल्या तेव्हा निघालं की मूल घेऊन जाणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश आया आहेत. बऱ्याचजणी आपल्या माहेरच्या देशात परतणाऱ्या, आणि काही मार खाऊन निघालेल्या. टेस्ट केस एक धरून कोड लिहिलं आणि प्रॉडक्शनमध्ये डेटा भलताच आला, असं आमच्या धंद्यात रोज होतं. इथे फरक इतकाच की डेटा म्हणजे एक बाई आणि तिचं मूल. परत पाठवण्यात मुलाला गंभीर धोका असेल तर नकार देता येतो, असं कलम आहे खरं. पण तो धोका सिद्ध करायचा तिनेच, परक्या देशात.

भारताने या करारावर अजून सही केलेली नाही, आणि कारण मुख्यतः हेच. लॉ कमिशनने २००९ मध्ये सामील व्हा म्हणून सांगितलं, २०१६ मध्ये कायद्याचा मसुदाही झाला, पण न्यू जर्सीत किंवा लंडनात अडकलेली मुलगी पोराला घेऊन आईकडे आली तर तिला आपणच परत पाठवायचं का, या प्रश्नापाशी गाडी अडली. आपली कोर्टं अशा केसमध्ये मुलाचं हित बघून निकाल देतात. याचा दुसरा अर्थ असाही की कुठल्यातरी परदेशी शहरात एखादा बाप, किंवा एखादी आई, मार्सेलसारखी वाट बघत बसलेली असते, आणि तिच्यासाठी पेपरात कुठलाही फोटो छापून येत नाही. वाचायला बसलो तेव्हा मला या बाबतीत ठाम मत होतं. आता नाही.

आणि सहीचाच विषय निघालाय तर गीता हरिहरन यांची केस सांगायलाच हवी. १९८४ मध्ये या लेखिकेने मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रिलीफ बॉण्ड घ्यायचे ठरवले. नवराबायकोने मिळून ठरवलं होतं की इथे पालक म्हणून आईची सही. बँकेने अर्ज परत केला, बापाची सही आणा म्हणून. कारण १९५६ च्या कायद्यात लिहिलं होतं की पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९९ मध्ये कोर्टाने सांगितलं की 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावर असं नव्हे, तर तो हजर नसताना किंवा लक्ष घालत नसतानाही. कायद्यातला शब्द तसाच राहिला, फक्त अर्थ बदलला. पासपोर्टच्या अर्जात आईबापांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालेल, हे व्हायला तर डिसेंबर २०१६ उजाडलं. तोवर एकट्याने मूल वाढवणाऱ्या किती आयांनी न सापडणाऱ्या नवऱ्याच्या सहीसाठी चपला झिजवल्या असतील! आणि मी एका चिठ्ठीवरून रागावलो होतो.

ही चिठ्ठी नाव्रातीलला थांबवू शकली असती का? मला नाही वाटत. ज्याने आडनाव बदललं, बायको मेली म्हणून सांगितलं, त्याने खोटी सहीही केली असती. आमच्या नोटरीने तर मान वर करून बायकोकडे पाहिलंही नव्हतं. पण कॅनडातला तो अधिकारी त्याच्या पोरांकडे वाकून फ्रेंचमध्ये विचारता, तर? मोठा मिशेल पावणेचार वर्षांचा होता. आई कुठे आहे, ते त्याला नक्की सांगता आलं असतं.

नाव्रातीलचं प्रेत समुद्रात सापडलं, खिशात पिस्तूल होतं. हॉफमन हे नाव ज्यू वाटल्यामुळे त्याला हॅलिफॅक्सच्या ज्यू दफनभूमीत पुरलं. तो कॅथलिक होता. मोठा मुलगा पुढे फ्रान्समध्ये तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला आणि २००१ मध्ये, ९२ व्या वर्षी वारला. टायटॅनिकवरून वाचलेल्या पुरुषांमधला तो शेवटचा. वडिलांच्या थडग्यापाशी तो पहिल्यांदा गेला १९९६ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी.

आमची चिठ्ठी अजून लेकीच्या पासपोर्टच्या पाऊचमध्येच आहे. दिवाळीत आता ती आणि तिची आई दोघीच दुबईला मावशीकडे जाणार आहेत. बायको म्हणाली, "तुझी चिठ्ठी कधी देतोयस?"